बारकीसाठी एक खोली

बारकीनं फोनवर विचारलं, "आई, मी येऊ का राहायला? म्हणजे... कायमची," आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "ये की. तुझंच घर आहे. फक्त आधी मागं एक खोली काढून घेऊ."

ती छापखान्यात होती. बाइंडिंगच्या टेबलाशी उभी, फोन खांद्यानं कानाला दाबलेला, दोन्ही हात घडी घालायच्या कागदांवर. पलीकडे कटिंगचं यंत्र धाडधाड चाललेलं. अशा गडबडीत माणूस मनात जे वर तरंगत असतं तेच बोलून जातो, आणि आईच्या मनात तेव्हा वर तरंगत होतं ते एवढंच, की घरात जागा नाही.

जागा कमी होती हे खोटं नव्हतं. नवरा असताना दोघांनी पोटाला चिमटा काढून घेतलेलं ते घर. पुढं हॉल, मागं एक खोली, तिच्यामागं स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर कपडे धुवायची जागा सोडली तर उरणारी एक मोकळी पट्टी. नवरा गेला, थोरल्याचं लग्न झालं, आतली खोली थोरल्याला आणि सुनेला गेली आणि आईचा पलंग हॉलमध्ये आला. थोरला लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करायचा. सून एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसायची. दोघं भली माणसं. कुरबुरी होत, पण त्यांचा आवाज शेजारी जात नसे.

बारकी दोन गावं पलीकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात राहायची. पदरात पाच वर्षांची मुलगी. जावई पाण्याचे पंप विकायचा. बोलायला गोड. सासुरवाडीला आला की आईच्या हातातली पिशवी आधी काढून घ्यायचा, नळ गळत असला तर कुणी सांगायच्या आत वायसर बदलायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "नशीब काढलं हो पोरीनं." बारकीचं एक बोट मध्यंतरी प्लास्टरमध्ये होतं. दारात सापडलं, म्हणाली. नंतर कधीतरी भुवईवर टाके पडले. कपाटाची कड लागली, म्हणाली. आईनं दोन्ही वेळेला दाराला आणि कपाटाला दोष दिला.

आता मात्र बारकी "कायमची" म्हणाली होती. आईनं कारण विचारलं नाही आणि बारकीनं सांगितलं नाही. दोघींच्या मध्ये तेवढ्यापुरती ती खोली उभी राहिली.

पुढच्याच सुट्टीला मिस्त्री आला. पन्नाशीचा, हडकुळा, कानामागं पेन्सिल. त्यानं मागची पट्टी टेपनं मापली, पायानं जमीन ठोकून बघितली आणि म्हणाला, "दहा बाय दहा बसते. विटांच्या भिंती, वर पत्रा, खाली कोबा, एक दार, एक खिडकी. महिन्या-दीड महिन्यात उभी करतो."

त्यानं आकडा सांगितला. आईच्या वर्षभराच्या पगारापेक्षा जरासा कमी. नवऱ्याच्या मागं बँकेत ठेवलेली ठेव मोडली की भागत होतं. आईनं मनातल्या मनात ती मोडलीसुद्धा. पण घरात थोरला होता, सून होती. चहा झाला आणि बोलणं सुरू झालं.

"पत्रा?" थोरला म्हणाला. "आई, उन्हाळ्यात भट्टी होईल आत. बारकी भाजून निघायची. ते लेकरू तर बघायलाच नको. करायचंच तर स्लॅब टाकू."

"स्लॅब म्हटला की पाया खोल जाणार," मिस्त्री म्हणाला.

"जाऊ दे ना. उद्या वर एक मजला चढवायचा झाला तर तोच पाया उपयोगी पडेल."

सून बराच वेळ कपाशी चाळा करत होती. "आई, मी एक बोलू? राग नका मानू. सकाळी आपण तिघं असतो तरी बाथरूमसाठी कसरत होते. त्या दोघी आल्या की पाच जणं. खोलीला लागून एक छोटंसं बाथरूम काढलं तर त्यांनाही मोकळं वाटेल."

राग मानण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. आईलाही ते पटलं. मग आईला सुचलं की सगळ्या घराला फरशी आणि बारकीच्या खोलीला तेवढा कोबा, हे बरं दिसणार नाही. पोरगी आधीच मोडून येणार, तिला पहिल्या पावलालाच परकं वाटायला नको. तेव्हा फरशी धरा.

मिस्त्री पेन्सिल काढून हसला. "मावशी, भिंत बिचारी गरीब असते, ती काही मागत नाही. घर महाग होतं ते 'करतोय तर तेवढंही करून टाकू' ह्यानं."

सगळे हसले. मग थोरल्यानं विचारलं, बाथरूमला साधारण किती धरायचे?

नवा आकडा पहिल्याच्या अडीचपट झाला. ठेव त्यात पाण्यासारखी जिरली आणि तरी खड्डा उरला. आई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होती, तेव्हा तिला एकरकमी पैसे मिळणार होते. थोरल्याच्या गाडीचे हप्ते साधारण त्याच सुमाराला संपत होते, म्हणजे त्याला पतपेढीतून कर्ज उचलता आलं असतं. तेव्हा असं ठरलं की आत्ता पाया काढून ठेवायचा आणि वरचं काम पुढच्या वर्षी. घाईघाईनं अर्धवट काहीतरी करण्यापेक्षा सावकाश पण पक्कं. सगळ्यांना पटलं.

त्या दुपारी आईला फार दिवसांनी हलकं वाटलं. ती भांडी घासताना गुणगुणलीसुद्धा. पोरीसाठी खोली बांधतोय, आणखी आईबापानं करायचं तरी काय? हलकं का वाटतंय, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही.

पाया खणून दगड भरून झाला आणि बारकी नातीला घेऊन दोन दिवसांसाठी आली. मागच्या दारात उभी राहून तिनं तो चर बघितला. नात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दगडांवरून तोल सावरत चालत होती.

"इथं दार," आई हातानं दाखवत म्हणाली, "इथं खिडकी. ह्या कोपऱ्यात तुझं बाथरूम. स्वतंत्र हं. कुणाच्या मागं नंबर लावायला नको."

"छान आहे," बारकी म्हणाली. मग जरा थांबून, "कधी होईल?"

"पुढच्या वर्षी. माझे पैसे आले की लगेच."

दुपारी सून कामावर गेली, नात झोपली, तेव्हा बारकी आईच्या मागोमाग कपडे धुवायच्या जागेकडे आली आणि पाठ करून उभी राहिली. तिनं अंगातला कुडता मागून वर केला. आईच्या हातातलं ओलं कापड तसंच राहिलं. खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीला मूळचा रंग असा उरलाच नव्हता. काही वळ जुने, पिवळे पडत चाललेले. काही ताजे.

"पट्टा," बारकी म्हणाली. "तोंडाला लावत नाही आता. लोकांना दिसतं."

तिनं कुडता खाली ओढला, आधी इकडे तिकडे बघून, शेजारच्या गच्चीवर कुणी आहे का ते बघून. तेवढ्यातसुद्धा तिनं ते बघितलं.

"आई, मी जात नाही परत," बारकी म्हणाली. "हॉलमध्ये झोपते. तुझ्या पलंगाशेजारी खाली. आम्हाला दोघींना एक गादी पुरते."

"अगं, चार दिवस पुरेल. पुढं?" आईचा आवाज आपोआप समजुतीचा झाला. "रात्री दादा-वहिनी पाण्याला उठणार ते तुमच्या अंगावरून जाणार. पोरीचा अभ्यास, तुमचे कपडे, सामान. आज वहिनी गोड आहे, सहा महिन्यांनी तिच्या कपाळावर आठी आली की तुला इथंही जड होईल. मग कुठं जाशील? त्यापेक्षा थोडे दिवस काढ. खोली होऊ दे. तुझी हक्काची. मग ये ताठ मानेनं."

"थोडे दिवस म्हणजे पुढचं वर्ष."

"दिवस काय, जातात गं. तू जरा त्याच्या कलानं घे तोपर्यंत. उलट बोलू नकोस."

बारकीनं आईकडे बघितलं. रागानं नव्हे, हुज्जत घालायच्या इराद्यानंही नव्हे. दुकानात एखादी वस्तू संपली असं कळल्यावर माणूस जसं बघतं, तसं. "बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जावई न्यायला आला. फळांची पिशवी घेऊन आला होता. मागं जाऊन त्यानं पाया बघितला, कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "वा आई, घर वाढवताय! कुणासाठी?"

"असंच," आई म्हणाली. "पाहुणेरावळे येतात."

तो हसला. बारकी नातीच्या चपलेचा बंद लावत खाली वाकली होती, ती वाकलेलीच राहिली.

नंतरचे महिने खोलीचं घोडं अडलं ते अडलंच. स्लॅब टाकायचा तर नकाशा मंजूर हवा, असं कळलं. नकाशा काढणारा, मग कार्यालय, मग कार्यालयातला रजेवर गेलेला माणूस. आईनं छापखान्यातून अर्धा-अर्धा दिवस सुट्टी काढून खेटे घातले. प्रत्येक खेट्यानंतर तिला वाटायचं, बघा, मी काही स्वस्थ बसलेली नाही. बारकीचा फोन आला की ती सगळं सविस्तर सांगायची. सिमेंट कसं महागलं, सळईचा भाव काय झाला, बाथरूमची फरशी पांढरी घ्यावी की मातकट. बारकी ऐकून घ्यायची. हळूहळू तिचे फोन कमी झाले.

एकदा आई मिस्त्रीला गाठायला त्याच्या दुसऱ्या कामावर गेली. तो वाळू चाळत होता.

"मंजुरी आल्याशिवाय मी विटेला हात लावणार नाही मावशी, दंड मला होतो," तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून चाळणी खाली ठेवली. "पोरीला फारच घाई आहे का? असेल तर एक करू. चार लोखंडी खांब, वर पत्रा, बाजूनं प्लायवूड मारून देतो. त्याला मंजुरी लागत नाही. आठवड्यात होईल. पैसे पण किरकोळ. पुढं पक्कं बांधताना काढून टाकू."

आईनं डोळ्यांसमोर ते आणून बघितलं. प्लायवूडच्या भिंती. गल्लीतल्या बायका मागच्या बाजूनं डोकावणार. नशीब काढलेली पोर खोक्यात राहायला आली म्हणणार. आणि ती आली की "का आली?" हा प्रश्न येणारच. पक्क्या खोलीत राहायला आलेल्या मुलीला तो कमी लोक विचारतात, असं आईला का कोण जाणे वाटत होतं.

"नको," ती म्हणाली. "झोपडं नको. करायचं ते नीट करू."

"तुमची मर्जी," मिस्त्री म्हणाला आणि पुन्हा चाळणी उचलली.

मंजुरी आली त्याच्या आदल्याच आठवड्यात बारकी पडली.

फोन बारकीच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईचा होता. आई आणि थोरला पोचले तेव्हा बारकीला आत नेलेलं होतं. रुग्णालयाच्या लांबलचक व्हरांड्यात भिंतीला टेकून जावई रडत होता. आईला बघून तो धावत आला, तिचे दोन्ही हात धरले. "आई, पाय घसरला हो तिचा. जिना नुकताच पुसलेला. मी मागंच होतो, हात देईपर्यंत..." त्याचे डोळे खरोखर सुजले होते. आईनं हात सोडवून घेतले. ह्या माणसानं माझ्या घरचा नळ दुरुस्त केला होता, एवढंच तिच्या डोक्यात येत राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका बाजूला घेतलं. जीव वाचला होता. पण पाठीचा कणा कमरेच्या वर दुखावला होता. पाय आता चालणार नाहीत, असं त्या म्हणाल्या, आणि थोरल्यानं "म्हणजे किती दिवस?" असं विचारलं तेव्हा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. थोरला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. लिफ्टच्या खोल विहिरीत उतरून बिनधास्त काम करणारा तो दांडगा माणूस, लहान मुलासारखे त्याचे खांदे हलायला लागले.

बारकीला शुद्ध आल्यावर आईला आत सोडलं. बारकीचे ओठ कोरडे पडले होते. आई तिच्या कानाशी वाकली.

"ढकललं," बारकी म्हणाली. "मी पोरीला घेऊन निघाले होते. तुझ्याकडे येणार होते, तशीच. पिशवी भरली होती."

"बोलू नकोस आता."

"बोलले आहे. नर्सबाईंनी पोलिसांना बोलावलं, त्यांना सगळं सांगितलं." मग तिनं डोळे मिटले. "पोरगी कुठंय?"

पोरगी जावयाच्या आईनं आपल्या घरी नेली होती. जावयाला त्याच संध्याकाळी पोलीस घेऊन गेले आणि काही आठवड्यांनी तो जामिनावर सुटलाही, पण नात त्या घरातून बाहेर आली नाही.

बारकीला घरी सोडायचं ठरलं तेव्हा सुनेनं लॅबमधून रजा घेतली. ती आणि थोरला सकाळपासून कामाला लागले. हॉलमधलं मोठं कपाट उघडून, फळ्या काढून, स्वयंपाकघरात नेऊन पुन्हा जोडलं. दिवाण विकून टाकला. आईचा पलंग उभा करून थोरल्याच्या खोलीत भिंतीला लावला, आई खाली गादी टाकून झोपेन म्हणाली. खिडकीपाशी उशाकडून वर-खाली होणारा भाड्याचा पलंग आला. शेजारी चाकाची खुर्ची फिरायला जागा राहिली. मध्ये एक पडदासुद्धा बसला, सुनेनं जुनी चादर शिवून केलेला. जेवायच्या वेळेपर्यंत सगळं होऊन गेलं.

आई दारात उभी होती. हॉल तोच होता. उलट मोकळा वाटत होता. दोघी मायलेकी, त्यांची गादी, पोरीचं दप्तर, सगळं सुखानं मावलं असतं. जागा होती. अर्ध्या दिवसाचं काम होतं, आणि थोरल्याला नि सुनेला कुणी तोंड उघडून विचारलं असतं तर त्यांनी ते तेव्हाही केलं असतं. आईनं विचारलंच नव्हतं. बारकी पाठ दाखवून गेली, हे तिनं दोघांपैकी कुणाच्या कानावरही घातलं नव्हतं.

सून घाम पुसत तिच्याजवळ आली. "आई, ताईंना त्रास होता हे तुम्हाला ठाऊक होतं?"

आईनं मान हलवली. हो की नाही ते सुनेला कळलं नसावं. पण तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्या दिवसापासून ती आईशी जपून, मोजकं बोलायला लागली. एखाद्या अनोळखी घरात आपण बोलतो तसं.

बारकी आली. तिला उचलून पलंगावर ठेवताना तिनं छताकडे बघितलं, मग पडद्याकडे बघितलं. तिला दर थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होतील असं सांगितलं होतं. ते काम आईनं आपल्याकडे घेतलं. छापखान्यात तिनं रजा टाकली. वळवायचं झालं की बारकी फक्त "चल" म्हणायची. आई म्हणून हाक मारायची नाही.

थोरल्यानं पुन्हा मिस्त्रीला बोलावलं. आता सगळा हिशेब नव्यानं मांडायला हवा होता. दार रुंद हवं, उंबरा नको, खुर्ची चढायला उतार हवा, बाथरूम मोठं, भिंतींना धरायला लोखंडी दांडे. हॉलमध्येच बसून थोरला आणि मिस्त्री हलक्या आवाजात आकडे जुळवत होते. पडद्याच्या आत आई बारकीच्या पायांना तेल लावत होती, ज्याचं बारकीला काही समजत नव्हतं.

"दारच नेहमीपेक्षा दीडपट झालं," मिस्त्री म्हणत होता. "शिवाय फरशी गुळगुळीत चालणार नाही..."

"दादा," पडद्याआडून बारकीनं हाक मारली. "पडदा सार."

थोरल्यानं पडदा सारला.

"किती झाले सगळे मिळून?"

थोरल्यानं चाचरत आकडा सांगितला. "तू काळजी करू नकोस. आईचे पैसे येतायत, मी कर्ज काढतो."

"खोली नको," बारकी म्हणाली. "त्या पैशाचा वकील कर. चांगला. माझी मुलगी आधी आण."

"अगं पण तुला इथं असं..."

"मला इथं काय होतंय? तिकडं ती त्यांच्याजवळ आहे." तिचा आवाज चढला नाही. "खोली खोली करून माझं सगळं झालं, दादा. आता पुरे. मिस्त्रीकाका, तुम्ही चर बुजवून टाका."

मिस्त्री उठला. त्यानं पेन्सिल कानामागं ठेवली, हात जोडले आणि थोरल्याबरोबर बाहेर गेला. हॉलमध्ये दोघीच उरल्या. आई तेलाची वाटी बाजूला ठेवायला गेली तेव्हा बारकी म्हणाली, "एक विचारू?"

"विचार की."

"खोली खरंच बांधायची होती तुला?"

आई पलंगाच्या कडेवर बसली. आजवर असे प्रश्न आले की तिच्याकडे उत्तरं तयार असायची. सिमेंट, सळई, मंजुरी. ह्या वेळी तिला दिसलं की त्यातलं एकही इथं चालणार नाही.

"नाही म्हणवत नव्हतं तुला," ती शेवटी म्हणाली. "आणि हो म्हणायची भीती वाटत होती. लोक काय म्हणतील, तो येऊन तमाशा करील, सून काय म्हणेल. वाटलं, तोपर्यंत तुझं तिकडं नीट होईल. मग खोलीचा प्रश्नच येणार नाही."

"मी पाठ दाखवली होती तुला."

"हो."

"तरी?"

"तरी," आई म्हणाली. तिला रडू आलं नाही. रडलं तर पोरीला आपली समजूत काढावी लागेल, असं वाटून तिनं ते आत दाबलं.

बारकी खिडकीकडे बघत राहिली. रस्त्यावरून कुणीतरी गाडी सुरू करायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होतं, आणि ती सुरू होत नव्हती.

"चल," थोड्या वेळानं बारकी म्हणाली. "वळव मला."

आईनं तिच्या कमरेखाली हात घातला.

चर बुजला. ठेव वकिलाकडे गेली. आईचे निवृत्तीचे पैसे आले ते तारखांना, प्रवासाला आणि बारकीच्या औषधांना गेले. आईनं छापखान्याच्या मालकाला गळ घातली आणि रोजंदारीवर पुन्हा त्याच टेबलाशी उभी राहिली. जावयाचा खटला रेंगाळत होता. त्याच्या बाजूनं जिना ओला असल्याची साक्ष द्यायला दोन माणसं उभी राहिली. खालच्या मजल्यावरच्या बाईनं ओरडा ऐकल्याचं सांगितलं, मग घर बदललं. निकाल लागेल तेव्हा लागेल, आणि कसा लागेल ते वकीलसुद्धा सांगत नव्हता.

पण नातीचा ताबा बारकीला मिळाला. त्याला वर्ष लागलं.

एक सरकारी बाई नातीला घेऊन आली. थोरला आणि सून कामावर होते. नात उंच झाली होती, केस कापलेले, पायात नवे बूट. ती दारातच थांबली. बाईनं कागदावर सही घेतली, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. बारकी चाकाच्या खुर्चीत बसली होती. सकाळीच आईकडून तिनं केस विंचरून घेतले होते, अंगातला सदरा दोनदा बदलला होता. तिनं दोन्ही हात पुढं केले. नात हलली नाही. ती खुर्चीच्या चाकांकडे बघत होती, मग पायांकडे.

"ये ना," बारकी म्हणाली.

"तू उठत नाहीस?"

"नाही उठता येत मला."

नातीनं ओठ आत घेतले. "पप्पा म्हणाले तू पळत होतीस म्हणून पडलीस. आजी पण म्हणाली. तिकडची आजी. म्हणाली, आई धांदरट आहे."

"मी पडले नाही," बारकी म्हणाली. "तू तिथंच होतीस, पिल्लू."

"मला आठवत नाही." नात घाईघाईनं म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला की आईला कळलं, तिला आठवतंय. मग ती आईकडे वळली. ह्या घरातलं मोठं माणूस तेच होतं. "आजी, आई पडली ना?"

आईनं बारकीकडे बघितलं. बारकी तिला काही सुचवत नव्हती, मदतही करत नव्हती. ती नुसती वाट बघत होती. पोरीचं वय सात. एवढ्याशा जिवाला काय सांगायचं? आईच्या जिभेवर सगळं आलं. तू मोठी झालीस की सांगू. आधी हातपाय धू, खाऊन घे. जाऊ दे आता ते. आयुष्यभर तिनं ह्याच वाक्यांवर घर चालवलं होतं.

"नाही," आई म्हणाली. "पडली नाही. पप्पांनी ढकललं तिला."

नात तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

"त्याच्या आधीही मारायचे," आई म्हणाली. तिनं दाराची चौकट धरली. "मला ठाऊक होतं. मी हिला इथं ठेवून घ्यायला हवं होतं. नाही घेतलं."

नातीनं पाठीवरचं दप्तर काढलं, जमिनीवर ठेवलं. खुर्चीजवळ जाऊन तिनं एक बोट बारकीच्या गुडघ्यावर टेकवलं, जरा दाबून बघितलं.

"दुखतं?"

"नाही. काहीच कळत नाही तिथं."

"आणि इथं?" तिनं हात वर नेला, मांडीवर, मग पोटावर, मग छातीवर.

"इथं कळतं," बारकी म्हणाली.

नात तिथंच डोकं टेकवून उभी राहिली. बारकीचे हात तिच्या पाठीवर आले. पोरीच्या केसांत तोंड खुपसून ती बराच वेळ तशीच होती. मग तिनं मान वर केली. डोळे वाहत होते, ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

"आई," ती म्हणाली, "तिला भूक लागली असेल. काहीतरी आण."

आई स्वयंपाकघरात गेली.